भाऊबीजेचें जेवण आणि आदल्या दिवशींचा बटाटा



चौतीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत घालविलेल्या मनुष्यानें बटाट्याच्या भाजीवर बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु शिक्षकाला एक विद्या अवश्य शिकावी लागते, आणि ती म्हणजे वेळापत्रक आखण्याची. कोणता विषय सकाळीं ताज्या डोक्यानें शिकवावा, कोणता दुपारीं, आणि कोणता शेवटच्या तासालाहि निभावून जातो, हें ज्यास कळलें नाहीं त्याची शाळा नीट चालत नाहीं. सणाच्या स्वयंपाकाचेंहि तसेंच आहे. आजचा विषय वरून बटाट्याचा दिसला, तरी आंतून तो वेळापत्रकाचाच आहे.

सण मी भाऊबीजेचा घेतों. कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊ बहिणीच्या घरीं जेवावयास जातो, ती त्याला ओवाळते, तो ओवाळणी घालतो, आणि मग पानें मांडलीं जातात. ज्या बहिणीसाठीं म्हणून हा सण, ती मात्र त्या संध्याकाळीं कोठें असते? ती कढईपाशीं असते. ‘दादा, अजून एक वडा घे ना,’ एवढें दारांतून म्हणून ती पुन्हां आंत जाते. भाऊ, वहिनी, भाचरें यांचीं जेवणें आटोपतात, सुपारी कातरली जाते, परतीच्या गाडीची वेळ जवळ येते. तेव्हां कोठें ती पदराला हात पुशीत बाहेर येते. पुष्कळ दिवसांनीं भेटलेल्या भावाशीं तिचें खरें बोलणें होतें तें जिन्याच्या पायऱ्यांवर. तिच्या हातच्या जेवणाची सर्वांनीं स्तुति करावी आणि तिनें तें उरल्यासुरल्या अन्नांतून एकटीनें जेवावें, ही रीत जुनी आहे. पण जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाहीं.

यावर कोणी म्हणतात, पदार्थ कमी करा; कोणी म्हणतात, बाहेरून आणा. दोन्ही उपाय आपापल्या जागीं ठीक आहेत. परंतु ज्या घरांत चार पदार्थ घरींच व्हावेत अशी हौस आहे, त्या घरासाठीं तिसरा उपाय आहे, आणि तो म्हणजे कामाची दिवसांवर वांटणी. सर्व कामें त्याच दिवशीं केलींच पाहिजेत असें नाहीं. कोणतें आधीं करतां येतें आणि कोणतें अखेरच्या क्षणींच केलें पाहिजे, हें मात्र नेमकें माहीत पाहिजे. या वांटणीला सर्वांत मनापासून साथ देणारी भाजी बटाट्याची. मेथी किंवा पालक आदल्या दिवशीं शिजवून ठेवला तर रंग आणि स्वाद दोन्ही जातात. भेंडी लिबलिबीत होते. बटाटा मात्र उकडून थंड केला म्हणजे कांहीं कामांना अधिकच योग्य होतो.

असें कां व्हावें, तें थोडक्यांत सांगतों. बटाट्यांत पिष्टसत्त्वाचे, म्हणजे स्टार्चचे, बारीक कण असतात. सुमारें ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णतेला हे कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून नुकताच उकडलेला बटाटा मऊ आणि भुसभुशीत लागतो, आणि त्यावर सुरी चालविली कीं फोडीच्या कडा ढासळतात. बटाटा पुरता निवला म्हणजे तेंच सत्त्व पुन्हां घट्ट बांधलें जातें. मग फोड नीट पडते आणि फोडणींत चार वेळां हलविली तरी तिचा लगदा होत नाहीं. याच्या उलट, बटाटा कुसकरावयाचा असेल तर तो ऊन असतांनाच कुसकरावा. थंड झाल्यावर त्यांत गुठळ्या राहतात. मात्र तो फार रगडूं नये, मिक्सरमध्यें तर मुळींच फिरवूं नये; तसें केल्यास आंतील सत्त्व बाहेर येऊन लगदा गोंदासारखा चिकट होतो. वर्गांत सांगितलें असतें त्याप्रमाणें सूत्ररूपानें सांगावयाचें तर: फोडी थंडपणीं, लगदा ऊनपणीं. बाकीचें सर्व या एका सूत्रांतून निघतें.

आतां एखाद्या आजीबाई विचारतील, ‘मास्तर, सणाच्या दिवशीं पानांत शिळें वाढावयाचें का?’ प्रश्न रास्त आहे. परंतु आजी, श्रीखंडाचा चक्का आपण रात्रभर टांगून ठेवतां, दह्याला विरजण रात्रींच लावतां, आणि अनारशांचे तांदूळ तर तीन दिवस भिजत घालतां. त्यांस आपण शिळें म्हणत नाहीं, तयारी म्हणतां. उकडलेला बटाटा हीहि तयारीच आहे. त्याला फोडणी बसेल तेव्हां त्याची भाजी होईल, आणि ती फोडणी आपण त्याच दिवशीं देणार आहांत. ज्या घरीं सोंवळ्याचा नेम आहे त्यांनीं बटाटे त्याच दिवशीं उकडावेत. दोन तास निवले तरी फोडी चांगल्या पडतात.

आधीं करून ठेवण्याची ही कल्पना बटाट्याला परकी नाहीं. ज्यांनीं तो प्रथम पिकविला त्यांनींच तिचा धडा घालून दिला आहे. दक्षिण अमेरिकेंत पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नांवाचें सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारें ३८०० मीटर उंचीवर. त्या परिसरांतील अँडीज पर्वताच्या पठारांवर बटाट्याची लागवड हजारों वर्षांपासून होत आली आहे. तेथील लोक हिंवाळ्याच्या रात्रीं बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा ऊन्हानें ते सैल पडले कीं पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढून टाकतात, आणि मग ते कडक वाळवितात. या वाळलेल्या बटाट्यास ते चुन्यो म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षें टिकतो. स्पॅनिश लोक १५३२ मध्यें पेरूंत शिरले. त्यानंतर बटाटा युरोपांत गेला, आणि तेथून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला. उत्तर हिंदुस्थानांत त्यास आलू म्हणतात. आपण बटाटा म्हणतों, कारण पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ हाच शब्द आपल्या किनाऱ्यानें ठेवून घेतला.

चुन्योचा एक दूरचा भाऊबंद आपल्याकडेहि आहे, आणि तो म्हणजे बटाट्याचा कीस. आपल्याकडे दंव गोठत नाहीं, पण चैत्र-वैशाखाचें ऊन आहे. जुने, मोठे बटाटे सोलून जाड किसणीनें पाण्यांतच किसावेत. दोन-तीन पाण्यांनीं धुवून पांढरें सत्त्व काढून टाकावें. मग उकळत्या पाण्यांत मीठ घालून व तुरटीचा खडा क्षणभर फिरवून कीस त्यांत दोन-तीन मिनिटें ठेवावा, निथळावा, आणि स्वच्छ कापडावर कडक उन्हांत वाळवावा. हा कीस कुडकुडीत वाळवून घट्ट झांकणाच्या डब्यांत भरला तर वर्षभर राहतो. दिवाळीच्या चार दिवस आधीं तो तळून, तळलेले शेंगदाणे, तिखट, मीठ व थोडी पिठीसाखर लावून ठेवला, कीं भाऊबीजेच्या पानाची एक बाजू तयार झाली. वैशाखांत केलेलें काम कार्तिकांत उपयोगीं पडतें. याहून लांब पल्ल्याचें वेळापत्रक मला ठाऊक नाहीं.

आतां प्रत्यक्ष जेवणाकडे वळूं. बारा माणसांचीं पानें धरतों. चार प्रकार सांगतों. पण चारहि एकाच पानांत वाढूं नयेत. एक सुका, एक पातळ, एवढे पुरेत.

पहिला प्रकार नेहमींची पिवळी भाजी. दीड किलो मध्यम, सारख्या आकाराचे बटाटे घ्यावेत. लहानमोठे एकत्र घेतले तर मोठा शिजेपर्यंत लहान फुटतो. सालासकट थंड पाण्यांत घालून विस्तवावर ठेवावेत. उकळत्या पाण्यांत टाकले तर बाहेरून मऊ आणि आंतून कच्चे राहतात. पातेल्यांत वीस-पंचवीस मिनिटें लागतात. सुरीचें टोंक किंचित् अडखळत आंत गेलें कीं उतरावेत आणि ताबडतोब पाण्यांतून काढावेत. हें काम आदल्या संध्याकाळचें. दुसऱ्या दिवशीं सोलून फोडी कराव्यात. फोडणीला अर्धी वाटी तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, आठ हिरव्या मिरच्या आणि किसलेलें आलें. फोडी घालून मीठ व चिमूटभर साखर लावावी, आणि चांगली वाफ येईपर्यंत परतावें. लिंबू, ओलें खोबरें आणि कोथिंबीर मात्र वाढण्याच्या वेळींच घालावीं. ओलें खोबरें लवकर आंबतें, म्हणून तें या भाजींत आधींपासून घालून ठेवूं नये. सणाच्या भाजींत कांदा-लसूण नसतो. हेंहि आपल्या पथ्यावरच पडतें, कारण शिजवून ठेवलेल्या कांद्याचा वास उतरतो आणि बटाट्याच्या स्वादावर बसतो.

दुसरा प्रकार रश्श्याचा. हा एकच प्रकार असा कीं तो आदल्या दिवशीं पुरा करून ठेवला तरी चालतो. किंबहुना मसाला मुरल्यानें दुसऱ्या दिवशीं अधिक चांगला लागतो. बटाट्याच्या मोठ्या कच्च्या फोडी फोडणीवर परतून, गोडा मसाला व भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-तिळांचें वाटण लावून, गरम पाण्यांत शिजवाव्यात. चिंच आणि गूळ फोडी मऊ झाल्यावर घालावा, त्यापूर्वीं घालूं नये. आंबटानें बटाट्याच्या पेशींना जोडणारा पदार्थ विरघळत नाहीं, आणि फोडी तासभर उकळल्या तरी दडस राहतात. रात्रभरांत बटाटा रस्सा पिऊन घेतो. म्हणून पुन्हां गरम करतांना उकळतें पाणी घालून सैल करावा आणि मगच मीठ चाखून पाहावें. थंड रश्श्याची चव पाहून मीठ वाढविलें तर तो गरम झाल्यावर खारट लागतो.

तिसरा प्रकार दह्यांतल्या कोशिंबिरीचा. थंड बटाट्याच्या लहान फोडी, दाण्याचें कूट, मीठ, साखर, आणि वरून तूप-जिऱ्याची व हिरव्या मिरचीची फोडणी. फोडी, कूट व घट्ट दहीं वेगवेगळें तयार ठेवावें आणि पानें मांडतांना एकत्र करावें. आधीं कालवून ठेवलें तर दहीं आंबट होतें व कोशिंबिरीला पाणी सुटतें. हें काम दहा वर्षांच्या मुलालाहि सांगतां येतें, आणि सांगावें.

चौथा प्रकार वड्यांचा. बहिणीला कढईपाशीं खिळवून ठेवणारा हाच. सारण आदल्या दिवशीं करावें: बटाटे ऊन असतांना हातानें कुसकरून त्यांत आलें-मिरचीचें वाटण, हळद, मीठ, कोथिंबीर आणि लिंबू. पुरतें निवल्यावर गोळे वळून झांकणाच्या डब्यांत एका थरांत ठेवावेत. डाळीचें पीठ त्या दिवशीं, तळण्यापूर्वीं थोडा वेळच भिजवावें. तळून ठेवलेला वडा मऊ पडतो. त्याला आगाऊ तळण्याचा उपाय नाहीं. उपाय निराळाच आहे. गोळे तयार असले म्हणजे तळणें हें काम अर्ध्या तासाचें उरतें, आणि तें कोणाहि शहाण्या माणसाला करतां येतें. मेहुण्यांनीं कमरेला पंचा बांधून एक घाणा काढला तर भाऊबीजेचें कांहीं बिघडत नाहीं.

तळणाबद्दल एक सूचना. कच्चे बटाटे फ्रीजमध्यें ठेवूं नयेत. फार थंडींत त्यांतील सत्त्वाची साखर होऊं लागते. मग काचऱ्या लवकर करपतात आणि गोडसर लागतात. शिवाय पिष्टमय पदार्थ तळतांना व भाजतांना अक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य बनतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ मध्यें दाखवून दिलें. साखर वाढली आणि रंग गडद झाला कीं तें अधिक बनतें. म्हणून तळण सोनेरी रंगावर काढावें. दिवाळीच्या सुमारास बाजारांत येणारे पुष्कळ बटाटे शीतगृहांतले असतात. ते दोन आठवडे आधीं आणून अंधाऱ्या, हवेशीर, कोरड्या जागीं टोपलींत ठेवले तर वाढलेली साखर बरीच कमी होते. कांद्यांच्या टोपलीशेजारीं ठेवूं नयेत. जो बटाटा हिरवा पडला असेल, कडू लागत असेल, तो टाकून द्यावा. त्यांतील विष शिजविल्यानें जात नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी सावकाश सांगतों. आधीं करून ठेवणें म्हणजे ओट्यावर टाकून ठेवणें नव्हे. उकळल्यानें बहुतेक जंतु मरतात. पण मातींतून आलेल्या कांहीं जंतूंचीं बीजें उकळत्या पाण्यांतहि तग धरतात. बटाटा कोमट आणि दमट राहिला कीं तीं पुन्हां वाढूं लागतात, आणि त्यांतील कांहीं जंतूंचें विष अन्न पुन्हां तापविल्यानेंहि नष्ट होत नाहीं. अन्न आंबलेलें दिसेल किंवा वास येईल, असाहि भरंवसा नाहीं. म्हणून उकडलेले बटाटे परातींत पसरून निववावेत आणि दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें ठेवावेत. रात्रभर कुकरांत झांकून ठेवूं नयेत. रस्सा मोठ्या पातेल्यांत आंतून फार वेळ गरम राहतो. तो दोन-तीन पसरट भांड्यांत वांटून निववावा. फ्रीजची थंडी ५ अंशांच्या खालीं असावी, आणि पदार्थ एक-दोन दिवसांत संपवावा. वाढण्यापूर्वीं भाजी व रस्सा वाफाळेपर्यंत गरम करावा. कोमट करून वाढूं नये. ज्यांच्याकडे फ्रीज नाहीं त्यांनीं आदल्या दिवशींचा मोह सोडावा आणि त्याच दिवशीं दुपारीं उकडून दोन तास निववून लगेच कामाला घ्यावे. तेवढ्यानेंहि संध्याकाळ पुष्कळ हलकी होते.

मधुमेह असलेल्या श्रोत्यांसाठीं एक वाक्य. निवलेल्या बटाट्यांतील थोडें सत्त्व पचनास जड होतें आणि त्याची साखर हळू होते, हें खरें आहे. पण तेवढ्यावरून दुप्पट भाजी घेण्याची परवानगी मिळाली असें समजूं नये.

आतां वेळापत्रक फळ्यावर लिहून काढतों. ज्यांना उतरून घ्यावयाचें असेल त्यांनीं पेन्सिल घ्यावी. दोन आठवडे आधीं बटाटे आणणें. चार दिवस आधीं कीस तळून डब्यांत भरणें. आदल्या दिवशीं संध्याकाळीं बटाटे उकडणें, वड्याचें सारण करणें, रस्सा करणें. निववून दोन तासांच्या आंत फ्रीजमध्यें ठेवणें. त्या दिवशीं दुपारीं सोलणें व फोडी करणें, कोथिंबीर निवडणें, नारळ खवणें. फोडी व खोबरें झांकून पुन्हां फ्रीजमध्यें ठेवणें. पाहुणे येण्यापूर्वीं अर्धा तास भाजीला फोडणी देणें व रस्सा तापविणें. ओवाळणें झाल्यावर वडे तळणें व कोशिंबीर कालविणें.

या वेळापत्रकांत एक रकाना मी मुद्दाम शेवटीं ठेवला आहे, आणि तो कामाचा नाहीं, नांवाचा आहे. प्रत्येक कामापुढें तें कोणी करावयाचें त्याचें नांव लिहा. सर्व कामांपुढें एकच नांव आलें तर वेळापत्रक फुकट गेलें, असें समजा. बटाटे उकडणें वडील माणसांना जमतें, सोलणें मुलांना जमतें, नारळ खवणें मेहुण्यांना जमतें. माझ्याच वयाच्या गृहस्थांना मी विशेषें सांगतों: निवृत्तीनंतर हातांत वर्तमानपत्र घेऊन ‘काय ग, झालें का?’ असें विचारण्यापेक्षां हातांत सोलणी घेणें प्रकृतीला अधिक मानवतें. आणि रात्रीं पानें मांडावयाचीं झालीं म्हणजे तीं मोजतांना घरच्या लेकीसुनेचें पान धरून मोजा. भावाच्या शेजारचा पाट तिचा. ती बसल्याशिवाय कोणी भाताला हात लावूं नये.

मला दिलेली वेळ संपली.